पुण्यातले अकरा दिवस आणि शिरगावची चार वर्षं

"मासं सोडायला तुला शिकवली बाय, आनि तू परत मासंच शिकाया चाललंस?"

बाबा हे बोलले तेव्हा आम्ही तवसाळच्या फेरीबोटीवर उभे होतो, समोर जयगड, पावसाची बारीक रिपरिप, आणि माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रांची फाइल. बाबा चिडून बोलत नव्हते, चिडले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. आमच्या घरात तीन पिढ्या होडी आहे, आम्ही खारवी, आणि घरातली सगळी मोठी माणसं लहानपणापासून एकच सांगत आलेली की पोरांनो शिका आणि या वासातनं बाहेर पडा. मी शिकले. बारावीला बरे मार्क पडले. आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजातली बीएस्सीची सीट सोडून मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बीएफएस्सीला नाव घालायला निघाले होते. चार वर्षांची डिग्री, विषय मासे.

लोक अजूनही विचारतात की असं का केलंस, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी पुण्याचं. कॉलेजचं नाव घेत नाही, पुढे थोडी तक्रार आहे म्हणून. बारावीनंतर नीटचं काही जमणार नाही हे मला परीक्षा हॉलमध्येच कळलं होतं, सीईटीला ७४ पर्सेंटाइल, मग मायक्रोबायोलॉजी करायचं ठरलं कारण मावसबहिणीने तेच केलं होतं. आमच्याकडे करिअर बहुतेक असंच ठरतं, नात्यातल्या कुणीतरी आधी केलेलं असलं की झालं. कृषी विद्यापीठांचा फॉर्म (शिरगाव त्यातच येतं) भरला तो फक्त आमच्या बायोलॉजीच्या सरांनी मागे लागून भरायला लावला म्हणून. त्या फॉर्मला सातबारा जोडला की शेतकऱ्याच्या मुलांना जादा गुण मिळतात, तर तो आणायला मी तलाठ्याकडे तीन खेपा घातल्या. आमच्या नावावर चार गुंठे आहेत आणि त्या सातबाऱ्यावर एकतीस नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली आणि उरलेली मुंबईला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर पुणे. जुलैचा शेवटचा आठवडा होता, त्याच महिन्याच्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यात तिवरे धरण फुटलं होतं, त्यामुळे आई कुंभार्ली घाटातनं एसटी जाणार म्हटल्यावर देव पाण्यात घालून बसलेली. मी पोचले. आणि खरं सांगते, मला पुणं आवडलं. दगडी बिल्डिंग, एवढी मोठी झाडं, लायब्ररीत आमच्या अख्ख्या शाळेत नसतील एवढी पुस्तकं, कँटीनला बन मस्का आणि तासन्‌तास बसलं तरी कोणी उठवत नाही. नोटीस बोर्डावर पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या ऑडिशनचा कागद लागला होता. मी गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, लहानपणापासून काही ना काही करत आले, सोंगं आणली, मृदंगावर साथ केली, त्यामुळे तो कागद बघून माझे हातपाय अक्षरशः गार पडले. आपण स्टेजवर, पुण्यात, एकांकिका. ऑडिशन पुढच्या मंगळवारी होती. मी नाव लिहून आले.

बाकी गोष्टी सुद्धा लिहायला पाहिजेत ना. वर्गात आम्ही एकशे वीस. सर माइकवर शिकवायचे. माझा रोल नंबर ९७. पहिल्या प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर पाच जणी, मी पाचवी, माझा नंबर येईपर्यंत स्लाइड सुकलेली, मग शेजारणीची आकृती बघून काढली आणि त्यावर मॅडमची सही पण मिळाली. म्हणजे मी जे बघितलंच नाही ते मी बघितलं म्हणून सही. हे वाईट होतं असं मी म्हणत नाही, बाकी सगळ्या पोरींना त्यात काही विशेष वाटलं नाही आणि त्यातल्या दोघी आज चांगल्या पोस्टवर आहेत. पण मला ते कुठेतरी टोचलं. पीजीत एका खोलीत चौघी, तिथे रात्री झोप येईना.

आठव्या दिवशी अ‍ॅलॉटमेंट लागली. शिरगाव. बायोलॉजीच्या सरांचा फोन आला, म्हणाले निदान बघून तरी ये, मग नाही म्हण. बघून यायचं म्हणजे पुण्याहून रत्नागिरी, मी बाबांना न सांगता रात्रीच्या एसटीने गेले, हे बाबांना अजून माहीत नाही, आता वाचलं तर कळेल.

आता ज्या गोष्टीमुळे ठरलं ती सांगते, ती खूप लहान आहे.

कॉलेजात पोचले तर पाऊस, सुट्टीसारखी शांतता, ऑफिसात क्लार्क म्हणाले मॅडम अर्ध्या तासात येतील, तोवर म्युझियम बघ. म्युझियम म्हणजे काचेच्या बरण्या, फॉर्मॅलिनमध्ये मासे, पिवळी पडलेली लेबलं, आणि तो डोळ्यांना झोंबणारा वास. तिथे एक लॅब अटेंडंट काका बरण्या पुसत होते. मी सगळे ओळखत चालले होते, हा बांगडा, ही मांदेली, ही मोरी, मनातल्या मनात जरा शेफारलेच होते की हे तर आपल्याला सगळं येतंय. काकांनी विचारलं कुठली तू, मी सांगितलं. त्यांनी पापलेटची बरणी पुढे केली आणि म्हणाले याला तुमच्यात काय म्हणतात? म्हटलं सरंगा. मग म्हणाले, बरं, पोटाखालचे पर दाखव.

मी बघितलं. बरणी फिरवली. छातीजवळचे दोन होते, पाठीवरचा होता, खालचा शेपटीकडचा होता. पोटाखालची जोडी, जी बांगड्याला असते, ढोम्याला असते, ती नाही. मला वाटलं बरणीतल्या माशाची तुटली असेल. काका म्हणाले, नसतातच गो त्याला. इतकी वर्षं खाल्लास, कधी बघितला नाहीस?

मी दहा वर्षांची असल्यापासून विळीवर मासे कापतेय. हजारो सरंगे माझ्या हाताखालून गेले असतील, चांगले पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचे, कारण आम्ही घरी सरंगा कुठला खातोय. आणि मला एवढं साधं माहीत नव्हतं. मी अकरा दिवस पुण्यात जे न बघता सही घेत होते तेच मी आयुष्यभर आमच्या ओट्यावर करत आलेय असं काहीतरी डोक्यात आलं, तेव्हा एवढं नीट शब्दांत नव्हतं आलं, पण पोटात खड्डा पडल्यासारखं झालं हे नक्की. मॅडम आल्या तेव्हा मी रिपोर्टिंगला कधी यायचं तेवढंच विचारलं.

मग पुण्याला परत जाऊन अ‍ॅडमिशन कॅन्सल. इथे तक्रार. लिव्हिंग सर्टिफिकेट त्यांच्याकडे जमा, आणि ते परत द्यायला खिडकी नंबर तीन, खिडकी तीनवाले म्हणणार आधी नो ड्यूज आणा, नो ड्यूजला लायब्ररीची सही, लायब्ररीचं कार्डच अजून मिळालेलं नाही तर सही कशी देणार, असं दीड दिवस चाललं. शेवटी मी खिडकीसमोर रडले आणि एका शिपाईमामांनी आत जाऊन ते काढून आणलं. फी ११,४०० भरली होती, त्यातले साडेआठ हजार परत आले, ते पण पुढच्या मार्चमध्ये. ज्यांना दोन्हीकडे फॉर्म भरायचेत त्यांना एवढंच सांगेन की ओरिजिनल कागदांच्या डझनभर झेरॉक्स काढून अटेस्ट करून ठेवा आणि फी परतीचे नियम भरायच्या आधी वाचा, नंतर नाही. आणि हो, मंगळवारची ऑडिशन त्या दीड दिवसातच गेली. मी खिडकी तीनच्या रांगेत होते आणि वरच्या मजल्यावरनं कोणीतरी स्वगत म्हणत असलेलं ऐकू येत होतं. ते अजून आठवतं मला. हे नाटक असल्यासारखं वाटेल पण तसंच झालं, काय करू.

शिरगावचं कॉलेज १९८१ चं, दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. महाराष्ट्रात अशी सरकारी कॉलेजं अगदी मोजकी, नागपूर आणि उदगीरला पण आहेत, आणि हे ऐकून सगळे हसतात की नागपूरला कुठला समुद्र, पण तलाव-धरणातली मत्स्यशेती हा केवढा तरी मोठा विषय आहे, हे मला पण नंतरच कळलं. आमच्या वर्गात आम्ही छत्तीस जण, पोरी नऊ. मला वाटलेलं सगळे आमच्यासारखेच किनाऱ्यावरचे असतील. कसलं काय. निम्म्याहून जास्त घाटावरचे, सांगली, लातूर, नांदेड, एक तर गडचिरोलीचा. पहिल्या आठवड्यात आरे-वारेला नेलं तेव्हा सहा-सात जणांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला, त्यातला एक चप्पल हातात घेऊन नुसता उभा राहिला, बराच वेळ.

आणि एक माळकरी होता. घरात वारी, गळ्यात तुळशीची माळ, मासा कधी शिवलेला नाही. पहिल्या डिसेक्शनला तो बांगड्याला हात जोडून मग कात्री लावायचा. आम्ही हसायचो. पण फिश टॅक्सॉनॉमीला वर्गात पहिला तो आला, कारण आम्ही किनाऱ्यावरची पोरं बघितल्या बघितल्या नाव सांगून मोकळी व्हायचो आणि तो बिचारा पर मोजायचा, काटे मोजायचा, खवले मोजायचा, कल्ल्यातले दाते सुईने एकेक बाजूला करून मोजायचा. त्याला सवयीचा अडथळा नव्हता. माझं पहिल्या सेमिस्टरला त्याच विषयात काठावर निघालं. खारव्याची पोरगी माशांच्या विषयात काठावर पास, ही बातमी आमच्या वाडीत माझ्याआधी पोचली.

छत्तीस जणांत लपता येत नाही ही मजा पण आहे आणि वैताग पण. तास बुडवला तर दुपारी लॅबमध्ये सर विचारणार ताप उतरला का, आणि त्यांना माहीत असतं की ताप नव्हता. सकाळी मिरकरवाडा बंदरावर सॅम्पल आणायला गेलं की लिलावाला बसलेल्या मावशा पण ओळखायला लागल्या, कॉलेजची पोरगी आली, तिला ते फेकायचे मासे द्या. ते फेकायचे मासे म्हणजे आमचं सोनं. जाळ्यात येणारी बिनकामाची पिल्लं, खेकडे, शिंपले, कधीतरी समुद्रघोडा. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिमीचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, का ठेवायचा हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण त्या टोपलीत बोटाएवढी ढोम्याची पिल्लं वाडगंभर निघतात, आणि बाजूला कोणीतरी म्हणत असतं की यंदा मासाच नाय गो, तेव्हा ती ओळ समजते. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते तर आमच्या घरी त्या दोन महिन्यांत सुकटीवर आणि उधारीवर चालतं, मी लहानपणी सरकारला शिव्याच ऐकल्यात त्याबद्दल. कॉलेजात कळलं की बऱ्याच माशांची गाभोळी भरायचा आणि अंडी घालायचा काळ पावसाच्या आगेमागेच येतो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले ते आमाला पन म्हाईत हाय, गाभोळी काय तुमच्या कालेजात सापडली काय. खरंच की. त्यांना सगळं माहीत असतं, फक्त ते दुसऱ्या नावाने.

याचं एक भारी उदाहरण भरती-ओहोटीचं. वर्गात शिकवलं की चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, मग आलेख, मग गणित. मी घरी आले तेव्हा सहज विचारलं तुम्ही कसं ठरवता. बाबा म्हणाले तिथीला पावनेने गुनायचं. म्हणजे आज अष्टमी, आठ गुणिले पाऊण सहा, तर सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पुनवेला पंधरा गुणिले पाऊण सव्वाअकरा. रोज पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, आणि पुस्तक म्हणतं ५०. शाळेचं तोंड न बघितलेल्या आज्याकडून आलेला हिशोब, पाच मिनिटांचा फरक. मी हे सरांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर उभं करून सगळ्या वर्गाला सांगायला लावलं, आणि मग लातूरच्या पोरांसाठी पावकी-पाउणकी (पाव आणि पाऊणचे पाढे) म्हणजे काय इथपासून सुरुवात झाली. एकशे वीसच्या वर्गात रोल नंबर ९७ ने हात वर करून हे सांगितलं असतं का? मी तरी नसतं सांगितलं.

प्रॅक्टिकलमधलं एकच नीट सांगते, नाहीतर लिहीत बसेन. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा. आता मीटर मिळतात, पाण्यात बुडवला की आकडा, पण आम्हाला आधी हाताने करायला लावलं. तळ्यातलं पाणी बाटलीत असं भरायचं की एकही बुडबुडा आत राहता नये, काचेचं बूच तिरकं घालायचं. मग त्यात दोन औषधं, मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडवालं, थेंब सोडायची नळी पाण्याच्या आत बुडवून. बाटली उलटीसुलटी केली की ढगासारखा साका येतो. साका तपकिरी आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर नाही. मग आम्ल, मग स्टार्चचे थेंब टाकले की शाईसारखं निळं, आणि त्यात वरून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत राहायचं, शेवटच्या एका थेंबाला ते निळं एकदम नाहीसं होतं. एक थेंब जास्त पडला की गेलं, परत पहिल्यापासून. आणि हे आम्हाला पहाटे साडेचारला करायला लावलं, टॉर्च लावून, कारण रात्रभर पाण्यातल्या वनस्पती पण श्वास घेतात आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. दुपारी मोजलं तर तळं छान दिसतं, आणि कोळंबी मरते पहाटे. माझ्या हातातल्या बाटलीत त्या पहाटे साका अगदी फिकट आला, जवळजवळ पांढरा, आणि सर धावत जाऊन एरेटर, पाण्यात हवा सोडायचं यंत्र, चालू करून आले. माझी जोडीदारीण झोपेत होती, तिला मी चिमटा काढून दाखवलं.

दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर मार्च २०२० आला. हॉस्टेल रिकामं करा. फेरीबोट बंद, एसटी बंद, बाबांनी मला होडीतनं खाडी पार करून नेली. मग ऑनलाइन. माशांचं प्रॅक्टिकल ऑनलाइन, विचार करा. घरात रेंज नाही, रेंज फक्त सड्यावर, तर मी कातळावर छत्री उघडून त्याच्या सावलीत मोबाइल आणि समोर ताटलीत बांगडा, मॅडम तिकडून म्हणतायत कॅमेरा जरा खाली घे, आणि कावळे ताटलीवर. जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आलं, रेंज पण गेली, पंधरा दिवस कशाचाच पत्ता नाही. नागपूर-नांदेडकडच्या मित्रांकडे रेंज होती पण मासा नव्हता, आमच्याकडे मासा होता पण रेंज नव्हती. मी कापायचं, रेंज आली की फोटो टाकायचे, आणि त्यावरून आठ जणांनी आकृत्या काढायच्या. म्हणजे फिरून त्याच पुण्याच्या मायक्रोस्कोपवर आलो. पण यावेळी स्लाइड माझ्याकडे होती.

त्याच काळात ढोम्याच्या डोक्यातले खडे. लहानपणी आम्ही ते जमवायचो, पांढरे, गुळगुळीत, दोन निघतात, मोठ्या घोळीचे तर केवढे मोठे, त्यांनी आम्ही सागरगोट्यांसारखं खेळायचो. ते म्हणजे माशाच्या कानातले खडे, तोल सांभाळायचे, आणि झाडाच्या खोडासारखी त्यात वळी असतात, त्यावरून वय काढतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती वळी थंड देशांतल्यासारखी स्पष्ट येत नाहीत, म्हणून घासून-घासून पातळ करून बघावं लागतं. मी पाट्यावर पॉलिश पेपर लावून घासत बसलेले, आजी बघून म्हणाली खेळायच्या खड्यांची वाट लावतंय ही.

आता जे नव्हतं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. अशा लहान कॉलेजात तुमचा विषय बदलायची सोय नाही. मासे नकोसे झाले तर शेजारच्या डिपार्टमेंटला जाऊन इकॉनॉमिक्सच्या तासाला बसू असं होत नाही कारण शेजारी डिपार्टमेंट म्हणजे पण मासेच, फिशरीज इकॉनॉमिक्स. तिसऱ्या वर्षी मला तसं झालं होतं, दोन महिने वास पण नको वाटायचा, आणि पळायला जागा नाही. वर्गात कोणाचं जमलं, कोणाचं फाटलं, सगळं छत्तीस जणांतच, आणि फाटल्यावर सुद्धा त्याच बोटीवर त्याच सॅम्पलिंगला शेजारी उभं राहायचं, उलटी आली तर त्यानेच पाण्याची बाटली द्यायची. कला, इतिहास, कायदा शिकणारा एक मित्र मला चार वर्षांत मिळाला नाही. नाटक सुटलं ते सुटलं. गॅदरिंगला केलं एक, मीच लिहिलं, प्रेक्षक दीडशे, सगळे ओळखीचे, चुकलं तरी टाळ्या. पुण्यात ऑडिशनलाच बाहेर काढलं असतं कदाचित, पण ते कोणीतरी न ओळखणाऱ्याने काढलं असतं, याची पण एक किंमत असते.

आणि नोकरी. लोकांना वाटतं स्पेशल डिग्री म्हणजे नोकरी दारात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जागा निघतात तेव्हा निघतात, बँकांच्या अ‍ॅग्रिकल्चर फील्ड ऑफिसरच्या परीक्षेला ही डिग्री चालते त्यामुळे वर्गातले चांगले बारा जण त्याच पुस्तकात डोकं घालून बसले, काही जण एमएफएस्सीला गेले, एक मुंबईला वर्सोव्याच्या सीआयएफईत (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत), दोघं आंध्रात कोळंबीच्या हॅचरीत. माळकरी बँकेत लागला. मी २०२३ ला पास झाले, आता एका कोळंबी प्रकल्पावर टेक्निशियन आहे, पगार पुण्याच्या त्या दोघींपेक्षा कमी आहे, पहाटे साडेचारला उठावं लागतं, यावेळी मीटर आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं तेव्हा मला सगळ्यात आधी त्या काकांची बरणी आठवली, त्यांना फोन केला तर म्हणाले, जाहीर केला, पर दिले का त्याला?

बाबांचं म्हणाल तर ते मला सरळ कधी काही म्हणाले नाहीत. चौथ्या वर्षी आम्हाला गावात राहून काम करायचं असतं, लोकांना दाखवायचं-सांगायचं, तेव्हा मी सगळीकडे बोंबलून सांगायचे की जेवढा मासा तेवढा बर्फ, किलोला किलो, थर लावून, खाली बर्फ वर बर्फ, आणि बांगडा तर अजिबात उन्हात ठेवू नका, त्यात हिस्टामीन तयार होतं आणि मग तो शिजवला तरी जात नाही, खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. सगळ्यांनी मान डोलावली आणि कोणी काही केलं नाही. आमच्या होडीत तर मूठभर बर्फ आणि वरून ओलं गोणपाट हीच पद्धत. मागच्या दिवाळीत घरी गेले तर पडवीत दोन मोठे थर्माकोलचे खोके. आई म्हणाली, तुझे बाबा आता बर्फाचे लाड करतात, बांगडा वर दिसत पन नाय एवढा घालतात. दर बरा मिळतो का विचारलं तर बाबा जाळ्याची सुई चालवत बसलेले, मान वर न करता म्हणाले, मिळतो कधी कधी. मग थोड्या वेळाने, बर्फाची लादी कितीला झालीय म्हाईत हाय काय तुला? ते नाय शिकवलान तुमच्या कालेजात.